खुल्या खाणीच्या भिंतीतला ताण कसा मोजायचा: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

खाणीचा खड्डा खणण्याआधीपासूनच खडक दाबाखाली असतो. वरच्या थरांचं वजन त्याला खाली रेटतं आणि भूकवचाच्या हालचालींमुळे आलेला आडवा दाब त्याला बाजूंनी आवळतो. खड्डा खोदला म्हणून हा ताण नाहीसा होत नाही, तो फक्त वाट बदलतो. मोकळ्या भिंतीला लंब असलेला ताण पृष्ठभागापाशी शून्यावर येतो, कारण समोरून रेटा द्यायला काही उरलेलं नसतं. बाकीचा ताण भिंतीला समांतर वळतो आणि पायथ्याशी दाटतो. तळाखाली आणखी वेगळं घडतं. वरचं वजन गेलेलं असतं, पण आडवा दाब बराचसा तसाच असतो, म्हणून तळाचे थर वर फुगू पाहतात.

खड्ड्याचा आकारही यात भर घालतो. भिंत आतून गोलसर वळलेली असेल तर आडवा ताण तिला कमानीसारखा आवळून धरतो आणि बहुतेक वेळा स्थिरतेला मदतच करतो. भिंतीचा एखादा भाग नाकासारखा खड्ड्यात पुढे आलेला असेल तर तिथला खडक दोन्ही बाजूंनी मोकळा होतो, त्याची पकड सुटते आणि जुने सांधे, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगा, उघडू लागतात. भिंतीची पाहणी करताना अशी नाकं नकाशावर आधी खुणावून ठेवा.

एककाबद्दल इथेच सांगून टाकतो. ताण मेगापास्कलमध्ये मोजतात. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलोचा भार. खडकाच्या कामात दाबाचा ताण धन आणि खेचीचा ऋण धरतात. यंत्र-अभियांत्रिकीत नेमकं उलटं असतं, त्यामुळे कोणाचीही आकडेमोड हातात आली की चिन्हांची पद्धत आधी विचारा.

मोजायची गरज आहे का?

शंभरेक मीटर खोलीच्या खाणीत बेंच (भिंतीत पायऱ्यांसारखे कापलेले टप्पे) ढासळतात ते बहुतेक वेळा सांध्यांच्या दिशेमुळे, मधल्या मऊ थरांमुळे किंवा पाण्यामुळे. तिथे आधी सांध्यांची नीट नोंद करा, खडकातल्या पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर बसवा, आणि पैसे उरले तरच ताणाकडे वळा. ताणमोजणी महाग आणि वेळखाऊ असते. ती चुकीच्या जागी केली तर खरी कामं मागे पडतात, आणि त्याची किंमत भिंतीखाली काम करणारी माणसं मोजतात.

खड्डा काहीशे मीटर खोल जाणार असेल आणि खडक कठीण, ठिसूळ असेल, पायथ्याशी पापुद्रे सुटत असतील किंवा तळ फुगत असेल, तेव्हा मात्र मोजणी टाळू नये. खुल्या खाणीखाली भूमिगत काम सुरू होणार असेल तर ती हवीच. चिलीतली चुकिकामाटा ही तांब्याची खाण जवळजवळ एक किलोमीटर खोल गेल्यावर तिथे २०१९ साली भूमिगत उत्पादन सुरू झालं. अशा ठिकाणी वरच्या खड्ड्याने वळवलेल्या ताणातच खालचे बोगदे खोदावे लागतात.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि घाईत हीच वगळली जाते. तुम्हाला खड्ड्याआधीचा मूळ ताण हवा आहे, खड्ड्यामुळे बदललेला आजचा ताण हवा आहे, की पुढची बेंच काढल्यावर त्यात किती फरक पडतो ते हवं आहे? या तीन प्रश्नांना जागा वेगळ्या लागतात आणि उपकरणंही वेगळी लागतात. भिंतीपासून वीस मीटरवर मोजलेला आकडा मूळ ताण म्हणून खाणीच्या संगणकीय मॉडेलमध्ये घातला तर मॉडेल त्यावर खड्ड्याचा परिणाम पुन्हा एकदा चढवतं. आकडे दिसायला व्यवस्थित येतात, पण निष्कर्ष चुकतो.

पायरी २: यंत्र आणण्याआधी कागदावर अंदाज

उभा ताण काढायला घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार पुरतो. घनता २,७०० किलो प्रति घनमीटर आणि खोली ३०० मीटर धरली तर तो साधारण ८ मेगापास्कल येतो. खडबडीत हिशेब हवा असेल तर दर मीटरला ०.०२७ मेगापास्कल लक्षात ठेवा.

आडव्या ताणाचं तसं नाही. खडक-यांत्रिकीचे संशोधक हूक आणि ब्राउन यांनी १९७८ साली जगभरच्या मोजण्या एकत्र करून आडव्या आणि उभ्या ताणाच्या गुणोत्तराच्या सीमा दाखवल्या. खालची सीमा म्हणजे १०० भागिले खोली, अधिक ०.३. वरची सीमा म्हणजे १,५०० भागिले खोली, अधिक ०.५. यात ३०० मीटर घालून पाहा. गुणोत्तर ०.६३ पासून ५.५ पर्यंत कुठेही असू शकतं, म्हणजे आडवा ताण ५ मेगापास्कलही असेल आणि ४४ मेगापास्कलही. खुल्या खाणी नेमक्या याच उथळ पट्ट्यात असतात, जिथे अंदाजाची रुंदी सर्वांत जास्त असते. मोजणीसाठी पैसे मागताना हाच हिशेब वरिष्ठांसमोर ठेवा.

दिशेचा पहिला अंदाज वर्ल्ड स्ट्रेस मॅप या जगभरच्या ताणाच्या नोंदींच्या नकाशावरून मिळतो. हा प्रकल्प १९८६ पासून चालू आहे आणि त्याची माहिती कोणालाही खुली आहे. त्यात प्रत्येक नोंदीला दर्जा दिलेला असतो. अ दर्जाच्या नोंदीत जास्तीत जास्त आडव्या ताणाची दिशा १५ अंशांच्या आत बरोबर धरली जाते, पुढच्या दर्जांत ही मर्यादा सैल होत जाते. तुमच्या खाणीजवळ मोठा फॉल्ट (जिच्यावरून खडक सरकले आहेत अशी भेग) असेल तर प्रादेशिक दिशा तिथे वळलेली असू शकते, एवढं ध्यानात ठेवा.

मग खाणीत फिरा. कोअर बॉक्समध्ये कठीण खडकाचा कोअर (बोअरमधून निघालेला दंडगोल नमुना) नाण्यांच्या चळतीसारखा पातळ चकत्यांमध्ये तुटलेला दिसला तर ताण जास्त असण्याची ती ठळक खूण आहे. टेलिव्ह्यूअरने (बोअरहोलच्या आतल्या भिंतीचं चित्र घेणाऱ्या उपकरणाने) घेतलेल्या चित्रात बोअरहोलच्या समोरासमोरच्या दोन बाजू कुरतडल्यासारख्या दिसत असतील तर उभ्या बोअरहोलमध्ये ती कमीत कमी आडव्या ताणाची दिशा असते. बेंचच्या तोंडावर ब्लास्टहोलच्या उरलेल्या अर्ध्या खुणा थराच्या रेषेवर एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या, तर वरचा थर खड्ड्याकडे घसरला आहे. या खुणांना खर्च काहीच नाही. प्रत्येकीचा फोटो घ्या आणि जागा, पातळी, तारीख लिहून ठेवा.

पायरी ३: जागा निवडा

मूळ ताणासाठी खड्ड्यापासून लांब जावं लागतं. खड्ड्याच्या खोलीइतक्या अंतरावरही बदल जाणवतो, त्यामुळे खोलीच्या दोन-तीन पट अंतर धरून सुरुवात करा. त्याआधी खडक लवचिक धरून खड्ड्याचं एक साधं मॉडेल चालवा आणि बदल पाच-दहा टक्क्यांच्या खाली कुठे येतो ते पाहा. जागा ठरवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. इतकं लांब जाणं शक्य नसेल तर जवळच मोजा, पण मग त्रिमितीय मॉडेलमधून उलटा हिशेब करून मूळ ताण काढावा लागेल. त्यासाठी एक जागा पुरत नाही, भिंतीभोवती विखुरलेल्या अनेक जागा लागतात.

भिंतीतला आजचा ताण हवा असेल तर ब्लास्टिंगने खिळखिळ्या झालेल्या पट्ट्याच्या पलीकडे जा. तो पट्टा काही मीटरांचा असू शकतो आणि त्यात मोजलेला ताण त्या सैल सालीचाच असतो. भिंतीमागे पाणी काढण्यासाठी गॅलरी खोदलेली असेल तर तुमचं नशीब चांगलं. तिथून भिंतीच्या अंतरंगापर्यंत आडवे बोअर मारता येतात. मात्र गॅलरी स्वतःही भोवतीचा ताण बदलते. वर्तुळाकार छिद्राभोवती ताण कसा एकवटतो ते किर्श यांनी १८९८ सालीच मांडलं होतं. त्या हिशेबाने गॅलरीच्या रुंदीच्या किमान दोन-अडीच पट आत गेल्याशिवाय पहिलं मोजमाप घेऊ नका.

बेंचवर काम करणार असाल तर मोजणीच्या आराखड्याइतकाच सुरक्षेचा आराखडा पक्का हवा. वरच्या बेंचचे सैल दगड काढलेले आहेत का, मधला बर्म (पडणारे दगड अडवणारी सपाट पट्टी) दगडांनी भरून गेलेला नाही ना, भिंतीची हालचाल टिपणाऱ्या रडारची नजर या भागावर आहे का, इशारा आला तर गाडी कोणत्या रस्त्याने बाहेर जाईल, हे शिफ्ट सुरू होण्याआधी ड्रिलरसकट सगळ्यांना तोंडपाठ असायला हवं. ताणमोजणीत माणसं एकाच जागी तासन्‌तास थांबतात. इथला खरा धोका तो आहे.

पायरी ४: पद्धत निवडा

ताण थेट कोणालाच मोजता येत नाही. आपण मोजतो ती विकृती, म्हणजे खडकाच्या आकारातला बारीक बदल, किंवा पाण्याचा दाब, आणि त्यावरून ताण काढतो. म्हणून प्रत्येक पद्धतीत काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. तुमच्या जागी ती गृहीतकं टिकतात का, यावर निवड करा.

ओव्हरकोअरिंगमध्ये छिद्रात गेज चिकटवून भोवतीचा खडक कापून सोडवतात आणि तो किती प्रसरतो ते मोजतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे एकाच छिद्रातून ताणाचे सहाही घटक (तीन लंब आणि तीन कातर ताण) मिळतात. त्याला सलग, एकजिनसी खडक आणि कोरडं किंवा नीट धुतलेलं छिद्र लागतं. खडकाचे कण स्ट्रेन गेजच्या (विकृती मोजणाऱ्या चिकटपट्टीच्या) लांबीच्या मानाने मोठे असतील तर वाचन भरकटतं.

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडून ताण काढणं, खोल बोअरहोलमध्ये चालतं आणि त्याला खडकाचा लवचिकता गुणांक (ताणाखाली खडक किती दबतो ते सांगणारा आकडा) लागत नाही. पण त्याच्या नेहमीच्या हिशेबात एक मुख्य ताण (ज्या तीन परस्परलंब दिशांना कातर ताण नसतो त्यांतला एक) बोअरहोलच्या दिशेने आहे असं धरलेलं असतं. सपाट जमिनीखालच्या उभ्या बोअरमध्ये हे बऱ्यापैकी खरं असतं, उतरत्या भिंतीजवळ ते कोसळतं, कारण तिथे मुख्य ताण भिंतीच्या उताराला समांतर कललेला असतो. म्हणून ही पद्धत खड्ड्यापासून लांबच्या मूळ ताणासाठी वापरा. खडक सांध्यांनी भरलेला असेल तर वेगवेगळ्या दिशांचे जुनेच सांधे पाण्याने उघडून प्रत्येकावरचा लंब ताण मोजायचा आणि सगळे मिळून हिशेब मांडायचा, अशीही रीत आहे. भिंतीजवळ ती जास्त उपयोगी पडते, कारण तिला बोअरची दिशा आणि मुख्य ताणाची दिशा जुळावी लागत नाही.

फ्लॅट जॅकमध्ये खडकाच्या तोंडावर पिना बसवून त्यांच्यातलं अंतर मोजतात, मधे खाच कापतात, खाचेत चपटा जॅक सरकवून अंतर पूर्ववत होईपर्यंत दाब वाढवतात. पद्धत सोपी आणि समजायला सुंदर आहे, पण ती पृष्ठभागापुरतीच. ब्लास्ट केलेल्या बेंचवर ती वापरू नका. जपून खोदलेल्या गॅलरीत ती चालते. कोअर सारखा तुटत असेल तर बोअरहोलचा तळ घासून सपाट करून त्यावर गेज चिकटवणारी डोअरस्टॉपर पद्धत कामी येते, कारण तिला अगदी आखूड कोअर पुरतो. त्यातून एका प्रतलातलाच ताण कळतो, म्हणून वेगवेगळ्या दिशांची छिद्रं लागतात.

पायरी ५: ओव्हरकोअरिंगचा दिवस

आधी मोठ्या व्यासाचं, साधारण १५० मिलिमीटरचं छिद्र ठरलेल्या खोलीपर्यंत न्या. त्याच्या तळातून बरोबर मध्यावर ३८ मिलिमीटरचं छोटं छिद्र पुढे मारा. या छोट्या छिद्राचा कोअर हातात घेऊन बारकाईने पाहा. भेग दिसली तर जागा सोडा आणि पुढे जा. इथे दाखवलेला हट्ट पुढे महागात पडतो.

छिद्र धुऊन कोरडं करा आणि गेज असलेला पोकळ सेल इपॉक्सीसकट आत बसवा. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या पोकळ सेलमध्ये वेगवेगळ्या दिशांना लावलेले नऊ किंवा बारा गेज असतात. सेलची दिशा, म्हणजे कोणता गेज वर आहे, ती दोघांनी स्वतंत्रपणे वाचून लिहावी. दिशेतली चूक नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. इपॉक्सी खडकाच्या तापमानाला साजेसं निवडा आणि पूर्ण घट्ट होऊ द्या. त्याला साधारण एक रात्र लागते.

दुसऱ्या दिवशी ड्रिलिंग सुरू करण्याआधी फक्त पाणी सोडा आणि वाचन स्थिर होईपर्यंत थांबा. पाणी खडकापेक्षा थंड किंवा गरम असेल तर गेज ताणाऐवजी तापमान मोजतात. मग मोठ्या बिटने सेलभोवतीचा खडक सोडवत पुढे जा आणि दर एक-दोन सेंटिमीटरला वाचन घ्या. बिट गेजजवळ येताना वाचन हलू लागतं, गेजपाशी ते झपाट्याने बदलतं आणि पुढे गेल्यावर सपाट होतं. आलेखाचा तो शेवटचा सपाट भाग मिळाल्याशिवाय थांबू नका. तो येतच नसेल तर तापमान, सुटलेलं इपॉक्सी किंवा फुटलेला कोअर यांपैकी काहीतरी आडवं आलं आहे.

बाहेर आलेला पोकळ कोअर लगेच, जागेवरच, द्विअक्षीय कक्षात घाला आणि बाहेरून टप्प्याटप्प्याने दाब चढवा आणि मग उतरवा. यातून लवचिकता गुणांक आणि पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावर खडक आडवा किती फुगतो) मिळतं. दाब चढवताना आणि उतरवताना रेषा वेगळ्या पडल्या किंवा एखादा गेज बाकीच्यांशी जुळेना, तर त्या गेजवर विश्वास ठेवायचा की नाही ते इथेच ठरवा आणि कारणासह लिहून ठेवा.

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग करणार असाल तर

कोअर आणि टेलिव्ह्यूअर पाहून साधारण एक मीटरचा बिनभेगेचा भाग निवडा. त्याच्या वर आणि खाली पॅकर (बोअर बंद करणारे फुगणारे रबरी बूच) फुगवून तो बंद करा. ठरावीक वेगाने पाणी पंप करा. दाब चढत जातो, खडक फुटतो, दाब घसरतो. पंप बंद केल्यावर दाब जिथे टेकतो तो (याला बंद दाब म्हणू) साधारण कमीत कमी आडवा ताण असतो. दाब सोडा आणि हेच चक्र तीन-चार वेळा करा. दुसऱ्या चक्रापासून भेग पुन्हा उघडण्याचा दाब मिळतो. शेवटी छाप घेणारा पॅकर किंवा टेलिव्ह्यूअर उतरवून भेगेची दिशा पाहा. उभी भेग जास्तीत जास्त आडव्या ताणाच्या दिशेने धावते.

आकडे घालून पाहू. बंद दाब ७ मेगापास्कल, पुन्हा उघडण्याचा दाब ९ आणि छिद्रजलाचा, म्हणजे खडकाच्या छिद्रांतल्या पाण्याचा, दाब २. जास्तीत जास्त आडवा ताण म्हणजे बंद दाबाची तिप्पट, वजा उघडण्याचा दाब, वजा छिद्रजलाचा दाब: २१ वजा ९ वजा २, म्हणजे १० मेगापास्कल. बंद दाब वाचण्यात अर्ध्या मेगापास्कलची चूक झाली तर उत्तरात दीड मेगापास्कलची होते. म्हणून तो दाब एकाहून अधिक पद्धतींनी वाचा आणि फरक अहवालात दाखवा. खाणीतून पाणी उपसलेलं असतं, त्यामुळे छिद्रजलाचा दाब जुन्या अहवालातून उचलू नका. चाचणीच्या दिवसाचं पिझोमीटरचं वाचनच घ्या. आणि दाब चढलेला असताना पंपाच्या नळीजवळ कोणीही उभं राहायचं नाही.

पायरी ६: हिशेब तपासा

ताणाचे सहा स्वतंत्र घटक असतात आणि बारा गेज असतील तर समीकरणं बारा. लघुतम वर्ग पद्धतीने (सगळ्या वाचनांशी फरक मिळून कमीत कमी राहील असं) उत्तर काढलं की प्रत्येक गेजचं मोजलेलं आणि हिशेबातून येणारं वाचन शेजारी ठेवा. एकच गेज फटकून असेल तर तो वगळून पुन्हा हिशेब करा. सगळेच फटकून असतील तर खडक एकजिनसी नाही किंवा दिशा चुकली आहे.

चांगल्या खडकातही एकाच जागेच्या मोजण्यांत दहा ते वीस टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून एका आकड्यावर कधीच थांबू नका, प्रत्येक ठिकाणी निदान तीन चांगली मोजमापं मिळवा. सरासरी काढताना नवखे हमखास इथे अडखळतात: मुख्य ताणांची सरासरी वेगळी आणि दिशांची वेगळी काढायची नसते. प्रत्येक मोजमाप उत्तर, पूर्व आणि उभी अशा समान अक्षांवरच्या सहा घटकांत बदला, त्या घटकांची सरासरी घ्या आणि मग मुख्य ताण काढा. आलेला उभा ताण वरच्या वजनाशी ताडून पाहा. खड्ड्यापासून लांब असूनही तो दुपटीने वेगळा आला, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ७: बदलावर नजर

पुढच्या बेंचमुळे होणारा बदल मोजायला कंपनशील तारेचं स्ट्रेसमीटर चालतं. ते बोअरहोलमध्ये पाचर मारून घट्ट बसवतात. खडकाचा दाब बदलला की तारेची कंपनसंख्या बदलते. एक स्ट्रेसमीटर एकाच दिशेतला बदल सांगतं, म्हणून एका प्रतलासाठी तीन दिशांना तीन लावा. पोकळ सेल न कापता तसाच ठेवूनही काही महिने बदल मोजता येतो, मात्र दीर्घ काळात इपॉक्सी सरपटू लागतं. काहीही बसवलं तरी बेंच उडवण्याच्या काही आठवडे आधीपासून वाचन घ्या, सोबत तापमान नोंदवा आणि केबल मजबूत पाइपमधून न्या. ब्लास्टिंगमध्ये आधी केबल जाते.

ही उपकरणं धोक्याची घंटा म्हणून वापरू नका. भिंत सरकते आहे का हे प्रिझम (भिंतीवर लावलेले, दुरून मोजायचे आरसे), रडार आणि एक्स्टेन्सोमीटर (दोन बिंदूंमधलं अंतर मोजणारं उपकरण) सांगतात. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी एकाच रात्री दोन टप्प्यांत सुमारे १४.५ कोटी टन खडक कोसळला. हालचालींच्या मोजमापांनी आधीच इशारा दिल्याने माणसं बाहेर काढलेली होती आणि कोणालाही इजा झाली नाही. ताणाची मोजणी त्या हालचालीमागचं कारण समजायला आणि पुढचा उतार आखायला उपयोगी पडते.

पायरी ८: अहवाल आणि मॉडेल

मॉडेलमध्ये सरासरी ताणाबरोबर कमीत कमी आणि जास्तीत जास्त शक्यताही चालवा. तिन्हींत पायथ्याचं आणि नाकांचं वर्तन सारखंच राहिलं तर आणखी मोजण्यांवर खर्च करायची गरज नाही. निर्णय बदलत असेल तर नेमक्या कोणत्या जागी पुढचं मोजमाप हवं ते मॉडेलच दाखवतं.

अहवालात फक्त मुख्य ताणांचा तक्ता देऊ नका. जागेचे निर्देशांक, त्या दिवसाची खड्ड्याची पातळी, बोअरची दिशा आणि कल, प्रत्येक गेजचा कच्चा आलेख, द्विअक्षीय चाचणीचे आकडे, वगळलेली वाचनं आणि ती का वगळली, पाण्याची पातळी, चिन्हांची पद्धत, हे सगळं हवं. ओव्हरकोअर फेकू नका, खूण करून ठेवा. चार बेंच खाली गेल्यावर मॉडेल पुन्हा जुळवायची वेळ येते, आणि तेव्हा तुमच्या जागी बसलेल्या माणसाला हाच कोअर आणि हेच कच्चे आलेख लागतात.